दुसरा हप्ता

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. पैशाच्या बाबतीत मात्र हा मुलूख त्याच्या कितीतरी आधीपासून दोन भागांत विभागलेला होता. बल्लारपूरची पेपर मिल, घुग्घुस, माजरी आणि राजुऱ्याच्या कोळसा खाणी, चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र, भद्रावतीची आयुध निर्माणी, गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने हा पगाराचा पट्टा. इथे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसा खात्यात पडतो. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीपासून पूर्वेकडे थेट भामरागड-सिरोंच्यापर्यंत हंगामाचा पट्टा. इथे मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसाळ्यानंतर धान, आणि धान निघालं की तेलंगणात मिरची तोडाईला गेलेल्या माणसांची मजुरी. मधले महिने घरात रोकड जवळजवळ नसतेच.

विमा पॉलिसी, म्युच्युअल फंडाची एसआयपी, पोस्टाची आवर्ती ठेव ही सगळी साधनं पहिल्या पट्ट्याच्या मापाने बेतलेली आहेत. नवा आर्थिक सल्लागार सुरुवातही तिथेच करतो. पण चंद्रपूर-बल्लारपूरच्या प्रत्येक वसाहतीत वीस-वीस वर्षं बसलेले जुने प्रतिनिधी असतात. शाळेत, खाणीत, वीज केंद्रात त्यांची माणसं बांधलेली असतात. त्यामुळे नव्याला लवकरच हंगामाच्या पट्ट्यात उतरावं लागतं, आणि त्याच्या धंद्याचे खरे चढउतार तिथे सुरू होतात.

या व्यवसायात शिरणं अवघड नाही. डीएड करून नोकरी न लागलेले तरुण, पतसंस्थेची दैनिक ठेव गोळा करणारी मुलं, बचत गटाचा हिशेब लिहिता लिहिता गावात विश्वास कमावलेल्या महिला, निवृत्त शिक्षक अशी माणसं इकडे वळतात. आयुर्विम्यासाठी दहावी पास, २५ तासांचं प्रशिक्षण आणि ५० प्रश्नांची परीक्षा. त्यात ३५ टक्के मिळाले की झालं. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला एनआयएसएमची परीक्षा ५० टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावी लागते आणि मग नोंदणीचा एआरएन क्रमांक मिळतो. पोस्टात १९७२ पासून महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आहे. तिच्या एजंट फक्त महिला असतात आणि घरोघरी फिरून आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करतात. या तिघांपैकी कायद्याच्या भाषेत ‘गुंतवणूक सल्लागार’ कोणीच नाही. तो परवाना वेगळा, त्याकडे नंतर येऊ. पण गावात सल्ला विचारला जातो तो यांनाच.

पोट कसं चालतं, हे समजून घेतल्याशिवाय या माणसाचे चढउतार समजणार नाहीत. एका कुटुंबाने वर्षाला १२,००० रुपये बाजूला टाकायचं ठरवलं, असं धरू.

ते पैसे दीर्घ मुदतीच्या पारंपरिक विमा पॉलिसीत गेले, तर अनेक वर्षं चालत आलेल्या दरांप्रमाणे एजंटला पहिल्या वर्षी २५ टक्के कमिशन आणि त्या कमिशनवर ४० टक्के बोनस मिळे. म्हणजे ३,००० अधिक १,२००, एकूण ४,२०० रुपये. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी साडेसात टक्क्यांनी ९००, आणि त्यापुढे दरवर्षी ६००. ऑक्टोबर २०२४ मध्ये एलआयसीने पहिल्या वर्षाचा दर खाली आणला आणि पुढच्या वर्षांचा वाढवला, तरी कल पहिल्या वर्षाकडेच राहिला. तेच पैसे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत गेले तर महिला एजंटला ४ टक्के, म्हणजे वर्षाला ४८०. दुसऱ्या वर्षीही तेवढेच, पाचव्या वर्षीही तेवढेच. आणि महिन्याला हजार रुपयांची एसआयपी केली तर? ऑक्टोबर २०१८ मध्ये बाजार नियामक सेबीने आगाऊ कमिशन बंद केलं, तेव्हापासून वितरकाला मुख्यतः जमलेल्या रकमेवरच वर्षाला थोडासा हिस्सा मिळतो. तो एक टक्का धरला, तर पहिल्या वर्षी सरासरी शिल्लक साडेसहा हजार आणि कमाई ६५ रुपये. बाजारातली वाढ सोडून दिली तरी दहाव्या वर्षी हाच आकडा अकराशेच्या पुढे जातो. पण दहाव्या वर्षापर्यंत टिकायचं कशावर?

४,२००, ४८० आणि ६५. कुटुंब तेच, रक्कम तीच. गडचिरोलीत खोली भाड्याने घेऊन, हप्त्याने मोटरसायकल घेऊन धंदा सुरू करणारा तरुण काय विकेल, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याला लबाड ठरवण्याआधी हा हिशेब समोर ठेवायला हवा, असं मला वाटतं.

पहिलं वर्ष बहुतेकांचं बरं जातं. त्याला कारण नातेवाईक. मामा, काका, साळा, वर्गमित्र, गावातले गुरुजी एकेक पॉलिसी घेतात, कारण पोरगा धंद्याला लागला आहे. वर्षात अशा चाळीस पॉलिसी झाल्या आणि सगळ्यांचा हप्ता १२,००० धरला, तर वरच्या दराने १ लाख ६८ हजार हातात येतात. विमा कंपनीचा विकास अधिकारी खूश होतो, शाखेत सत्कार होतो, घरात फ्रीज येतो. दुसऱ्या वर्षी नातेवाईक संपलेले असतात. नवी पॉलिसी एकही झाली नाही आणि जुन्या सगळ्या चालू राहिल्या, तरी मिळणार ३६ हजार. त्यातल्या निम्म्या बंद पडल्या तर १८ हजार. धंदा सोडणारे बहुतेक जण इथे सोडतात.

आणि पॉलिसी बंद पडतात. त्याची दोन कारणं या भागात ठळक दिसतात.

पहिलं कारण एजंट स्वतः तयार करतो. ‘पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा,’ असं म्हणून आपल्या कमिशनचा भाग ग्राहकाला देण्याची चाल जुनी आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ ने ती गुन्हा ठरवली आहे. पूर्वी दंड ५०० रुपये होता, २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो १० लाखांपर्यंत गेला. पण कायद्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. ज्याने पहिला हप्ता खिशातून दिलाच नाही, त्याला ती पॉलिसी आपली वाटत नाही, आणि दुसरा हप्ता मागायला गेलं की तो दार लावून घेतो.

दुसरं कारण हंगामाचं. ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या गावात डिसेंबरमध्ये धान निघतं. आदिवासी विकास महामंडळाच्या किंवा दुसऱ्या खरेदी केंद्रावर ते मोजलं जातं, चुकाऱ्याची, म्हणजे धानाच्या पैशाची, वाट पाहिली जाते. चुकारा आला, घरात पैसा दिसला, त्या आठवड्यात एजंट पोचला आणि तिमाही हप्त्याची पॉलिसी झाली. पुढचा हप्ता मार्चमध्ये. त्या वेळी घराला कुलूप असतं, कारण नवरा-बायको दोघंही मिरची तोडायला खम्मम किंवा वारंगळकडे गेलेले. तीस दिवसांची सवलत निघून जाते. जूनमध्ये एजंट पुन्हा दारात उभा राहतो तेव्हा पैसा पेरणीच्या कामात अडकलेला असतो. ‘भाऊ, आता कुठून देऊ? धान निघू दे, मंग ये.’ धान निघेपर्यंत पॉलिसी आठ-नऊ महिने बंद पडलेली असते. ती पुन्हा सुरू करायला थकलेले हप्ते व्याजासह भरावे लागतात, आणि एवढी रक्कम एकदम काढणं त्या घराला जमत नाही. जुन्या पारंपरिक पॉलिसींत दोन-तीन वर्षांचे हप्ते पूर्ण झाल्याशिवाय हातात काहीच परत येत नसे. म्हणजे त्या कुटुंबाने भरलेले पैसे बुडाले आणि एजंटची त्या घराशी ओळखही संपली.

एसआयपीचं दुखणं याहून सूक्ष्म आहे. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात पैसे नसले की बँक दंड कापते. ५०० रुपयांच्या एसआयपीसाठी काही शे रुपयांचा दंड तीनदा बसलेला माणूस आयुष्यभर म्युच्युअल फंडाचं नाव काढत नाही. दोष फंडाचा नव्हता, तारखेचा होता.

म्हणून या जिल्ह्यांत टिकलेला प्रतिनिधी उत्पन्न किती हे विचारण्याआधी पैसा घरात केव्हा येतो हे विचारतो. तेंदूवर जगणाऱ्या घराची पॉलिसी तो जूनमध्ये आणि वार्षिक हप्त्याची करतो, म्हणजे दरवर्षीची तारीख तेंदूच्या पैशावर पडते. धानवाल्याची जानेवारीत. एसआयपीऐवजी हंगामात एकदा किंवा दोनदा रक्कम टाकायला सांगतो. कमिशनच्या तक्त्यात या शहाणपणाला एक पैसाही नाही, पण दुसरा हप्ता त्यानेच येतो.

तेंदूचाही भरवसा पुरता धरता येत नाही. मे महिन्यात पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी आणून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा, असं हे काम. जेमतेम काही आठवडे चालतं. वनहक्क कायदा आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आल्यावर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा कंत्राटदाराशी स्वतः सौदा करू लागल्या आणि गावात पूर्वी कधी न आलेली रक्कम येऊ लागली. २०१७ मध्ये भाव खूप चढले. त्याच वर्षी जुलैपासून तेंदूपानांवर १८ टक्के जीएसटी लागला आणि पुढच्या हंगामात भाव कोसळले. २०१७ च्या पैशाच्या भरवशावर ज्यांनी मोठ्या हप्त्याच्या पॉलिसी विकल्या, त्यांनी दुसऱ्या हप्त्याच्या वेळी काय ऐकलं असेल ते उघड आहे. चढत्या हंगामात हप्ता ठरवायचा तो पडत्या हंगामाच्या हिशेबाने. पण पहिल्या वर्षी पडता हंगाम पाहिलेलाच नसतो.

अंतराचा खर्चही मोठा. गडचिरोली ते भामरागड दीडशे किलोमीटरहून अधिक, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. पॉलिसीचा कागद समजावून सांगायला सिरोंच्यात तेलुगू लागतं, भामरागडला माडिया, मुलचेऱ्याच्या काही गावांत बंगाली. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचा ठसा आधार पडताळणीचं यंत्र ओळखत नाही, आणि नेटवर्क नसलं तर यंत्रच चालत नाही. पेट्रोल वजा केलं की भामरागडच्या एका पॉलिसीतून फारसं काही उरत नाही. तरीही जे जातात, त्यांना तिथे दुसरा स्पर्धक भेटत नाही, हेही खरं.

या धंद्यातली सगळ्यात वाईट घसरण मात्र स्वतःच्या चुकीने होते असं नाही. आधी येऊन गेलेल्यांची किंमत नव्याला मोजावी लागते. विदर्भातल्या गावोगावी ‘पर्ल्स’चे एजंट होते. जमिनीच्या नावाखाली देशभरातून ४९,१०० कोटी रुपये गोळा केलेल्या या पीएसीएल कंपनीला सेबीने २२ ऑगस्ट २०१४ रोजी पैसे परत करण्याचा आदेश दिला, आणि २०१६ मध्ये न्यायमूर्ती आर. एम. लोढा समिती नेमली गेली. पुण्याची समृद्ध जीवन, नाशिक-वसईकडची मैत्रेय, नागपुरात २०१३-१४ मध्ये गाजलेली श्रीसूर्या आणि वासनकर प्रकरणं, सगळी त्याच काही वर्षांतली. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा होता, पण कायदा पोचेपर्यंत पैसा गेलेला होता. गावात पावती फाडणारा एजंट बहुतेक वेळा त्याच गावचा असे, आणि त्याने स्वतःच्या आईचेही पैसे त्यातच घातलेले असत. कंपनी दूरच्या शहरात, पण लोकांना सापडे तो हाच. अशा गावात आज कोणी मुलगी पोस्टाचं आवर्ती ठेवीचं कार्ड घेऊन गेली, तर पहिला प्रश्न ‘तुमची कंपनी पळणार तर नाही?’ हाच येतो. तिने तो प्रश्न राग न मानता ऐकायला हवा. विचारणाऱ्याचा तो हक्क आहे.

आता मोठ्या रकमेकडे येऊ, कारण सल्लागाराची पारख तिथे होते.

वेस्टर्न कोलफील्ड्सचा कामगार साठाव्या वर्षी निवृत्त होतो. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून एकरकमी पैसा हातात येतो, आणि कोळसा कामगारांचं निवृत्तिवेतन पगाराच्या मानाने फार तुटपुंजं असतं. त्यामुळे तीच रक्कम पुढचं आयुष्य. ३० लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. या योजनेवरचं एजंटचं कमिशन डिसेंबर २०११ पासून बंद आहे. तेच ३० लाख एक-हप्ता विमा पॉलिसीत गेले तर २ टक्क्यांनी ६० हजार कमिशन. म्हणजे योग्य सल्ल्याची किंमत शून्य आणि चुकीच्या सल्ल्याची साठ हजार. ही रचना कोणी वाईट हेतूने केली असेल असं नाही, पण ती बदलायला हवी. नवख्या माणसाकडून रोज एवढ्या त्यागाची अपेक्षा करून व्यवस्था चालत नाही.

याहून कठीण प्रसंग जंगलालगतच्या गावांत येतो. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर महाराष्ट्र शासन २५ लाखांची मदत देतं. २०२३ च्या निर्णयाप्रमाणे त्यातले १० लाख लगेच, १० लाख पाच वर्षांच्या ठेवीत आणि ५ लाख दहा वर्षांच्या ठेवीत. ही विभागणी फार विचाराने केलेली आहे. तरी सुरुवातीचे १० लाख खात्यात आल्याचं सगळ्यांना कळतं. दीर, भाऊ, ट्रॅक्टरवाला, प्लॉटवाला आणि आपला प्रतिनिधी, सगळेच येतात. ज्या बाईने आजवर बँकेत सही केलेली नाही, तिला वर्षाला लाखाच्या हप्त्याची पॉलिसी विकली तर जुन्या दराने एजंटला ३५ हजार मिळाले असते. पण तिचं उत्पन्नच थांबलेलं असताना पुढचे हप्ते भरायचे कुठून? त्यापेक्षा सहा महिने कुठेच पैसे न गुंतवणं बरं. आधी सावकाराचं देणं फेडायचं, उरलेली रक्कम तिच्या एकटीच्या नावावर ठेवायची, आणि मग पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख टाकले तर ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५० रुपये तिच्या खात्यात येतात. एजंटला त्यावर अर्धा टक्का.

प्रतिनिधीचं नाव गावात पक्कं होतं ते मात्र विक्रीने नाही, दाव्याने. एक उदाहरण जवळून पाहू. धानाच्या बांधीत काम करताना साप चावून माणूस दगावतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले गेले असतील तर २ लाख मिळू शकतात; पॉलिसीला अपघात लाभ जोडलेला असेल तर तोही. पण मृत्यूचं कारण कागदावर हवं. घरचे लोक दुःखात असतात, ग्रामीण रुग्णालय दूर असतं, आणि प्रेत नेण्याआणण्याचा खर्च झेपत नाही. अंत्यसंस्कार होऊन जातो, शवविच्छेदनाचा अहवाल नाही, आणि दावा तिथेच संपतो. त्या पहिल्या तासात कोणीतरी फोनवर सांगायला हवं: दवाखान्यात न्या, पंचनामा करून घ्या, मग घरी आणा. हे सांगणारा माणूस गावाला पुढची तीस वर्षं आठवतो.

मग नावांचं येतं. आधार कार्डावर आडनाव एका स्पेलिंगने, बँकेच्या पासबुकावर दुसऱ्या, ग्रामपंचायतीच्या मृत्यू दाखल्यावर टोपणनाव. कितीतरी आधार कार्डांवर जन्मतारीख १ जानेवारी, कारण खरी तारीख कुणाला सांगता आली नव्हती. पॉलिसी देतानाच हे तीन कागद शेजारी ठेवून अक्षरं जुळवून घेतली, नामनिर्देशनाच्या रकान्यात बायकोचं नाव आधारप्रमाणे लिहिलं, तर दावा काही आठवड्यांत मिटतो. नाही तर ती बाई प्रतिज्ञापत्रासाठी तालुक्याला खेपा घालत राहते. पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनीला माहितीच्या खरेपणावरून ती नाकारता येत नाही. पण त्याआधी मृत्यू झाला तर चौकशी होते. अर्जात आजार लपवायला सांगणारा एजंट त्या वेळी गावात तोंड दाखवू शकत नाही.

सुरक्षा विम्याच्या त्या २० रुपयांचंही वेळापत्रक आहे. ते मेअखेरीस खात्यातून वळते होतात आणि संरक्षण १ जूनपासून सुरू होतं. तेंदूची मजुरी अनेकदा त्यानंतर जमा होते. खात्यात शंभर रुपये राहू द्या, एवढी आठवण मेच्या दुसऱ्या आठवड्यात करून देणं, हे काम जो नवा प्रतिनिधी विनामोबदला करतो, त्याच्या वहीत दोन वर्षांत अख्ख्या गावाची माहिती जमा होते.

पगाराच्या पट्ट्यातही जमीन सरकते आहे. ‘कर वाचवा’ या एका वाक्यावर मार्च महिना निघत असे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ धरली गेली आणि तिच्यात विम्याच्या हप्त्यावरची ८० सी ची सवलतच नाही. २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणजे बहुतेक शिक्षक आणि खाण कामगार त्यातून सुटले. मार्चच्या गर्दीवर ज्यांनी धंदा उभा केला होता, त्यांना आता विमा कशासाठी हे नव्याने सांगावं लागतं.

आणि हंगामाच्या पट्ट्यात पगार शिरला आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखाण सुरू झाली, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. १ जानेवारी २०२५ रोजी कोनसरीत मुख्यमंत्र्यांच्या हस्ते लॉईड्स मेटल्सच्या कामगारांना कंपनीचे शेअर देण्यात आले. ज्या घरात कालपर्यंत मोहफुलाची टोपली हाच साठा होता, तिथे आता शेअर आहेत. विकावे की ठेवावे, हा प्रश्न तो कामगार विमा प्रतिनिधीला विचारतो, कारण ओळखीचा तोच. नियमाप्रमाणे विमा प्रतिनिधीला किंवा म्युच्युअल फंडाच्या वितरकाला शेअरबद्दल सल्ला देता येत नाही. त्यासाठी सेबीच्या २०१३ च्या नियमांखाली गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी हवी, आणि असे सल्लागार देशभरात मिळून हजाराच्या आसपासच आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने ही वाट थोडी सोपी केली: अनुभवाची अट काढली, नक्त मत्तेऐवजी १५० ग्राहकांपर्यंत १ लाख रुपयांची ठेव पुरेशी मानली, पदवी आणि एनआयएसएमच्या परीक्षा मात्र हव्यात. हा सल्लागार कमिशन घेत नाही, ग्राहकाकडून फी घेतो. गडचिरोलीत सल्ल्याची फी कोण देणार, असं आज कोणीही विचारेल. माझ्या मते पहिली फी एखादी ग्रामसभा देईल. बांबू आणि तेंदूचा पैसा तिच्या खात्यात येतो, त्याचा हिशेब ती सगळ्यांसमोर मांडते, आणि तो पैसा कुठे ठेवायचा हे ठरवायला तिला कमिशन न घेणारा माणूस लागणारच आहे.